दादांनी कप्तानाला लिहिलेले पत्र

॥ श्री ॥
परभणी,
दि. ४ ऑगस्ट १९८६

चि. भुजंग यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मी इकडे विचारणाऱ्यांना तू जहाज कंपनीत अधिकारी आहेस असे सांगत आलो, कारण तू केवळ ‘हॉटेल विभाग’ एवढेच कळवले होतेस. आता तू मोठ्या आनंदाने लिहितोस की तू प्रवाशांच्या खोल्या आवरतोस, पगार नावापुरता आहे, आणि सफरीच्या अखेरच्या रात्री प्रवासी पाकिटात घालून जे देतात तीच खरी कमाई. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

पगार हा हक्क असतो. बक्षीस ही देणाऱ्याची मर्जी. तुझे आजोबा निजामाच्या अमलात तहसील कचेरीत चपराशी होते. ईदेला आणि दसऱ्याला ते साहेबाच्या दारात हात जोडून उभे राहत आणि मिळालेले इनाम डोळ्यांना लावून घरी आणत. त्या दारातून आपले घर उठावे म्हणून मी शिकलो आणि आज महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. तू त्याच दारात परत जाऊन उभा राहिलास.

मार्गशीर्षात तुझ्या आईला जाऊन वर्ष होईल. तू समुद्रावर होतास म्हणून अग्नी मी दिला. त्याचा दोष तुला देत नाही. वर्षश्राद्धाला मात्र पाटावर तू बसावेस अशी अपेक्षा आहे. परंतु तिकीट त्या पाकिटांतील पैशाने काढणार असशील तर येऊ नकोस. तुला योग्य पगार मिळावा व बक्षिसे बंद व्हावीत यासाठी तुझ्या कप्तानास इंग्रजीतून लिहावे, असा माझा विचार आहे.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच, ते मर्जीवर अवलंबून नसतात.

तुझा,
दादा


मुक्काम मायामी बंदर,
२९ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप दादांचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी एकच विनंती. कृपा करून कप्तानास काहीही लिहू नका. कप्तान जहाज चालवतात. आमचा कारभार हॉटेल मॅनेजरकडे असतो. तो फार विनोदी माणूस आहे आणि त्याच्या विनोदाचीच मला भीती वाटते.

दादा, येथे बक्षीस ही लहर नाही. खोली आवरणाऱ्याला काय द्यावे हे प्रवाशांना आधीच छापून दिलेले असते. कंपनीने आमचा पगार जणू त्यांच्या खिशात ठेवला आहे. ते योग्य आहे असे मी म्हणत नाही. पण रीत तशी आहे.

मागच्या सफरीत एका वृद्ध बाईंना बोट लागली. त्यांच्यापुढे भांडे धरताना, कपाळावर ओला रुमाल ठेवताना मला आईचे कपाळ दिसे. आईसाठी ते करणे माझ्या वाट्याला आले नव्हते. उतरताना त्यांनी पाकिटावर माझे नाव अक्षर अक्षर विचारून लिहिले. येथे मी सर्वांचा ‘बॉबी’ आहे. त्या पाकिटावर मी भुजंग होतो. आजोबांचे मला ठाऊक नव्हते, पण ते पाकीट मीही डोळ्यांना लावले.

करार मध्येच सोडून येणाऱ्याला भाडे पदरचे भरावे लागते. त्यापुरते आता साठत आले आहे. मला पाटावर बसायचे आहे. कृपया थांबा.

आपल्या लोभाची वाट पाहणारा,
भुजंग


राणीसावरगाव,
१६ सप्टेंबर १९८६

चि. भुजंगास हेमाताईचे आशीर्वाद.

महिनाभर परभणीला दादांकडे राहून कालच सासरी परतले. अरे, तुझे पत्र पोचायच्या आधीच दादांचे कप्तानाला गेले! महाविद्यालयातल्या टंकयंत्रावर स्वतः बसून त्यांनी ते उतरवले, वर स्वतः टपालात टाकून आले. मला वाचून दाखवले. इंग्रजी एवढे जड की कप्तानाचे जहाज बुडेल म्हटले, तर हसले नाहीत. आता तुझे पत्र आल्यापासून पोस्टमन दिसला की ओसरीवर येऊन उभे राहतात. मागे घेतो म्हणायचे मात्र तोंडातून निघत नाही.

यंदा दुखवट्याचे वर्ष, आपल्याकडे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. रिकाम्या देवघरापुढे दादा वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हते.

त्यांच्यावर चिडू नकोस. असेच त्यांनी आईच्या वेळी केले. दवाखान्यातल्या आया कडूबाईंनी आईचे सगळे केले रे, अंग पुसण्यापासून वेणी घालण्यापर्यंत. आई म्हणाली, तिच्या हातावर काहीतरी ठेवा. दादांचे उत्तर, तिला सरकारी पगार आहे, देणे म्हणजे तिचा अपमान. आई भिंतीकडे तोंड करून हसली आणि मला म्हणाली, ह्यांचं आसंच हाय. मग माझी हिरवी इरकल तू दे, म्हणाली. ती इरकल अजून ट्रंकेतच पडली आहे. दादांना न विचारता काढायची माझी छाती नाही.

तुझ्या भाच्याला मामाची बोट पाहायची आहे. तोवर तू तरी दिस. माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई


मुक्काम सान हुआन बंदर,
१८ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप दादांचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र कप्तानांकडून मॅनेजरकडे पोचले. मॅनेजरने ते सकाळच्या हजेरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले, आपल्या इंग्रजीची तारीफ केली आणि म्हणाला की वडिलांच्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. त्या दिवसापासून मी तळाशी धुलाईघरात आहे. तेथे चादरी येतात, प्रवासी येत नाहीत. बक्षीस देणारा कोणी नाही आणि पगार पूर्वीचाच आहे. आपण जे मागितले त्यातले अर्धे मिळाले.

साठवलेले तिकिटाला पुरत नाही. मी श्राद्धाला येऊ शकत नाही.

मला राग आला आहे, दादा. तो लपवून वर शि. सा. न. लिहिले असते तर तो नमस्कार खोटा झाला असता. आईच्या शेवटी मी नव्हतो, याला कारण समुद्र होता. या वेळी समुद्राकडे बोट दाखवता येणार नाही.

दरवेळी ‘लोभ असावा’ असे लिहितो. या वेळी विचारतो, आहे का?

भुजंग


॥ श्री ॥
परभणी,
दि. २४ डिसेंबर १९८६

चि. भुजंग यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. आहे.

तुझे पत्र आले त्याच दिवशी तार करण्यास निघालो. विद्यापीठाच्या नावाच्या प्रश्नावरून शहर बंद होते. अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. तारेत मावेल असा मजकूरही सुचत नव्हता. शेवटी पत्रच लिहिले, या वेळी मॅनेजरच्या नावे. पहिले पत्र एका बैठकीत झाले होते. हे लवकर होईना. माझ्या मुलाला पूर्वीच्या कामावर घ्यावे आणि प्रवासी जे देतील ते त्याला घेऊ द्यावे, अशी विनंती केली आहे. त्यांना आणखी एकदा हसावेसे वाटले तर हसू देत. मी दारात उभा आहे असे समजावे.

श्राद्ध यथासांग झाले. दर्भ माझ्याच बोटात होता. तुझी जागा रिकामी ठेवली.

आदल्या दिवशी हेमाकडून ट्रंक उघडवून तुझ्या आईची हिरवी इरकल घेतली आणि दवाखान्यात गेलो. कडूबाई वऱ्हांड्यात भेटल्या. कागदात गुंडाळलेले लुगडे मी पुढे केले. त्यांचे हात ओले होते. पुसायला त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ मी हात पुढे करून उभा होतो. त्यांनी नाही म्हटले तर काय, एवढीच भीती वाटत होती. हे मला माझ्या विषयाच्या कोणत्याही पुस्तकात आढळले नव्हते.

त्यांनी लुगडे ओळखले. म्हणाल्या की मास्तर, लय दिस लावलेत तुमी; बाई सांगून गेल्या होत्या, आमचे मालक चिक्कू न्हाईत, द्यायला लाजतेत, पर येतील.

श्राद्धाच्या जेवणाला त्या तीच इरकल नेसून आल्या. वाढायला हेमा उठत होती. तिला मी बसवले. वाकून वाढताना पाठीला रग लागली. तू हे रोज करतोस, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांना आग्रह करताना चूक होऊन आमटी भातावर पडायची ती पानाबाहेर पडली. त्या हसल्या आणि त्यांनी विचारले की धाकले मालक कुठं दिसंनात, काय करायलेत ते. पंगतीत माझे सहकारी प्राध्यापक होते. मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले की माझा मुलगा जहाजावर लोकांच्या खोल्या आवरतो, आजारी माणसांची उस्तवार करतो आणि लोक त्याला बक्षीस देतात.

कडूबाई भात कालवता कालवता म्हणाल्या की मंग चांगलं हाय की, मास्तर. बोटीवरली मान्सं न लाजता देतेत म्हणायची.

तिकीट ज्या पैशाने निघेल त्या पैशाने काढ. मी विचारणार नाही. लोभाचे तू विचारले होतेस. आता मीच मागतो. मर्जी तुझी.

तुझा,
दादा