केळ्याच्या दोन वाट्या

३ मार्च, मंगळवार

आज चाखून चाखून जीभ कडू झाली. दवाखान्यात तपासणीचं खाणं कालवणाऱ्या भुकटीकाकांनी दोन वाट्या पुढे सरकवल्या. दोन्हींत कुस्करलेलं केळं आणि कोको. एकीत दुधाची भुकटी, दुसरीत नाही. मी डोळे मिटून चमचा चाटला. "ही दुधाची." काकांनी कपाळावर हात मारला. "तुझ्या जिभेला नाक फुटलंय का गं?" मग अजून कोको. तरी ओळखलं! शेवटी मला फरक कळेना, तेव्हा काका असे खूश झाले जणू मीच पास झाले.

हेच माझं काम. भांडी धुवायची, टेबलं पुसायची आणि फरक कळेनासा होईपर्यंत चाखायचं. ज्या पोरांना दूध, अंडं, शेंगदाणा सोसत नाही त्यांना इथे थोडं थोडं खायला घालून बघतात — अजून त्रास होतो का. एका दिवशी खरी वाटी, एका दिवशी नुसतं केळं. कुठली कधी, ते फक्त काकांना माहीत. डॉक्टर मॅडमना नाही, सिस्टरना नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी काका भिंतीकडे बघत चालतात. एरवी तोंडाला टाळं नाही! "माझ्या थोबाडावर सगळं छापून येतं," म्हणतात.

५ मार्च, गुरुवार

मॅडमनी बोलावलं. वाटलं, काहीतरी फुटलं माझ्या हातून. तर म्हणाल्या, "टिल्लूच्या रक्ताचा रिपोर्ट बरा आलाय. दुधाची तपासणी करून बघू या." मी नुसती मान हलवली. सिस्टर हसल्या — "हिचं हो असंच असतं."

टिल्लू माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा. तान्हा होता तेव्हा दुधाने त्याचा श्वास कोंडला. तेव्हापासून घरात दूध नाही. आई कारखान्यात शिवणकाम करते, म्हणून त्याच्याजवळ मी राहिले आणि शाळा सुटली. तशीही शाळेत माझी बोबडीच वळायची. आता तो स्वतः शाळेत जातो, पण डब्याच्या सुट्टीत त्याचा बाक वेगळा. एकट्याचा.

आई कामावर दुधाचा चहा पिते. मग दारातल्या नळावर चूळ भरते, तोंड धुते. तरी पापा घेते तो डोक्यावरच. गालावर कधीच नाही. टिल्लू म्हणतो, "आई, माझं डोकं झिजलं."

८ मार्च, रविवार

आई ऐकेना. "चाललंय ते काय वाईट आहे?" टिल्लू मध्येच — "पास झालो तर सगळ्यांच्या बाकावर बसायचं?" आई त्याच्या शर्टाचं लावलेलंच बटण पुन्हा लावत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बसशील ना त्याच्याजवळ?"

बसेन म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

काकांनी मला त्यांच्या खोलीत येऊच दिलं नाही. "आज तू पेशंटची ताई. पळ." आणि भिंतीकडे तोंड.

टिल्लू खाटेवर, मी समोर. सिस्टरनी आधी नखभर दिलं. थांबलो. मग थोडं जास्त. "ताई, गोड आहे!" मी हसले. हसले असं मला वाटलं तरी. इंजेक्शनचा ट्रे शेजारीच होता, माझी नजर तिकडेच जायची. मग पूर्ण चमचा. त्याने मान खाजवली. मग पोट. "ताई, घशात काहीतरी होतंय." मानेवर लाल लाल!

मी ओरडले. मी! "थांबवा! बास!" सगळी माणसं बघायला लागली. मॅडमनी तपासणी थांबवली. त्याला औषध पाजलं. श्वास ठीक होता. तो माझ्या मांडीवर झोपला आणि झोपेत त्याने विचारलं, "नापास?"

११ मार्च, बुधवार

आई एकच वाक्य बोलली. "पुन्हा नाही."

१२ मार्च, गुरुवार

मॅडम म्हणतात दुसरी वाटी दिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. काका समोरून आले आणि गर्रकन वळून कपाटात तोंड घालून उभे राहिले. कपाटात नुसते हातमोजे!

मी ट्रे धूत होते. सिस्टर शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस हं. टिल्लू प्रत्येक चमच्याला आधी तुझ्याकडे बघत होता."

त्या गेल्यावर ट्रे उभा धरला. चकचकीत स्टीलचा. त्यात बघून तसा चेहरा केला, टिल्लूच्या तोंडाशी चमचा जातो तेव्हाचा. बाप रे. मीच घाबरले.

१३ मार्च, शुक्रवार

आईशी बोलले. आधी मनात पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. एवढंच जमलं — "आई, दुसरी वाटी देऊ दे. मी आत बसणार नाही."

"तू नाहीस तर कोण?"

"सिस्टर."

"आणि काही झालं तर?"

"त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि त्यांचा चेहरा चांगला आहे."

आई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझाही चांगलाच आहे गं." मला रडूच फुटलं. तिने हो म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

टिल्लूला दारात सोडलं. "ताई, तू?" म्हटलं, भांडी पडलीत ढीगभर. धडधडीत खोटं. एक वाटी होती. तीच घासत राहिले.

भिंतीपलीकडून आवाज. सिस्टर त्याला कोडी घालत होत्या. मग बराच वेळ काहीच नाही. माझे हात साबणातच थांबले. जाऊ का आत? गेले नाही. नळाची तोटी घट्ट धरून उभी राहिले. आणि मग तो हसला! खो खो. "सिस्टर, अजून आहे का?"

वाटी चाटूनपुसून साफ. संध्याकाळपर्यंत अंगावर एक पुळीही नाही. घरी आई म्हणाली, "बिनदुधाची असणार आजची. म्हणूनच." मलाही तसंच वाटतंय.

१८ मार्च, बुधवार

आज टिल्लूला पुन्हा तपासलं. आईने सुट्टी घेतली होती. मग मॅडमनी काकांना हाक मारली. काका आले, भिंतीकडे बघतच. "बोलू आता?"

"बोला."

"दूध कालच्या वाटीत होतं."

आईने खुर्चीची पाठ धरली. "मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी नुसतं केळं."

माझे कान तापले. मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्याला खाज खरीच आली होती. नाटक नव्हतं. भीतीनेही अंग खाजतं. आणि तू त्याला इतकी वर्षं जपलंस म्हणून तर तो तुझं ऐकतो — तू न बोलताही." काका रुमालाने नाक पुसत म्हणाले, "आठवडाभर गप्प होतो, पोटात कळा यायला लागल्या होत्या माझ्या!"

टिल्लूने बाकाचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "बस. कुठल्याही बाकावर बस."

२२ मार्च, रविवार

आज घरात पहिल्यांदा दुधाचा चहा झाला. आई प्यायली आणि सवयीने नळाकडे निघाली. टिल्लूने पदर धरला. "नको ना धुऊस." आणि गाल पुढे केला. तिने पापा घेतला. गालावर. ओला. मग तो आरशात बघत बसला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे.

काही उमटलं नाही.