शुक्रवारची सुट्टी

बाबा, काल बोईसरच्या एका सूतगिरणीत कामगारांच्या छातीची तपासणी होती. नळीत जोरात फुंकायला सांगायचं आणि मशीनवरचा आकडा लिहून घ्यायचा, हे माझं काम. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमची मुलगी आता लोकांचा श्वास मोजत फिरते. कापूस पिंजण्याच्या खात्यातला एक माणूस फुंकता फुंकता खोकला, हसला आणि म्हणाला, "मॅडम, मुझे छुट्टी रास नहीं आती. रोज काम पे आओ तो सीना ठीक रहता है." मी त्याचा आकडा लिहायलाच विसरले.

हे मी मासवणच्या आपल्या घरात ऐकलंय. शुक्रवारी कारखाना बंद, फक्त यंत्रं झाडायला काही माणसं बोलावतात. शनिवारी तुम्ही पाळी करून येता, सायकल कुडाला टेकवता आणि उंबऱ्यातच बसता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. भुवया पांढऱ्या, कानांतही कापूस. खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवता. धूळ पोटात उतरावी म्हणून कारखाना तो तुम्हाला देई, आणि तुम्ही तो न खाता माझ्यासाठी आणत होतात. आईने दिलेला चहा निवून जातो तरी तुम्हाला बोलता येत नाही. सोमवारपर्यंत छाती मोकळी होते. "मला सुट्टीच सोसत नाय," तुम्ही म्हणता. "आंग सुस्तावतं, मंग छाती आवळते." आई चिडते, "आठवड्यातून एक दिस तरी घरी ऱ्हावा!" तिच्यासाठी तुम्ही राहता.

माझं दहावीचं वर्ष. एकच खोली, आणि शुक्रवारभर तुमचा खोकला. आई विहिरीवर गेली होती. मी पुस्तक आपटलं आणि म्हणाले, "जा ना कामावर! तिथे जाऊन खोका." तुम्ही शर्ट घातलात आणि गेलात. त्यानंतर दर शुक्रवारी तुम्ही यंत्रं झाडायला जायला लागलात, म्हणजे सगळ्यात जास्त धुळीत. आणि बाबा, शनिवारचं आवळणं खरंच थांबलं! "बग, डाक्टरला जमलं नाय ते मला जमलं," असं आईला ऐकवत होतात. मलाही वाटलं, बरंच झालं.

शिकायला गेले तेव्हा कळलं. सुट्टीत छाती जराशी सुटते, म्हणून परतल्यावर तीच धूळ जास्त लागते. रोज गेलं की छाती तक्रार करायची सोडते, एवढंच. आत नासाडी चालूच राहते. शेवटी तुम्हाला खाटेवरून दारापर्यंत यायला दोनदा थांबावं लागायचं. गुळाचाही काही उपयोग नसतो. हे सगळं कळल्यावर मला तुमचा राग आला, मग स्वतःचा, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या माणसाला मी खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. सुट्टी सोडू नका म्हटलं, तर तो म्हणाला, "घर पे बच्चों की पढ़ाई में खाँसी से तकलीफ होती है." मी त्याला डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

आई अजून म्हणते, "हट्टी होता तुजा बाप. सुट्टी घेतली असती तर ऱ्हायला असता." मी दर वेळी मान डोलावते. ती एवढ्यात वाचायला लागली आहे, माझ्या मुलीकडून शिकते. म्हणून हे पत्र मी घरी नेणार नाही.