शुद्ध प्रत

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. मी आता जेद्दात असते, अझीझियात. हॉस्पिटलात नर्स आहे. तुम्ही याच देशात, खफजीत, समुद्रातल्या तेलावर राबलात, दोन वर्षांतून एकदा घरी यायचात, तेव्हा मी या मुलखाला शिव्या घालायची. आता इथंच राहण्याचा परवाना, इकामा, काढून बसलेय. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

तेलकंपनीतल्या तुमच्या जपानी साहेबाकडून ऐकलेली गोष्ट तुम्ही प्रत्येक सुट्टीत सांगायचात. त्यांच्या जुन्या कवितांत एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले असतात. एका रोपट्याचं नाव आणि ‘भेटीचा दिवस’. आजचा जपानी माणूस हे दोन्ही वेगळे बोलतो, पण जुने कवी बेधडक एकत्र बांधायचे. म्हणजे त्या काळी कानाला दोन्ही सारखेच लागत असणार. कवी गेले, त्यांचे कान कागदावर राहिले, असं तुम्ही म्हणायचात. मग एका सुट्टीत दादीला चुलीपुढं बसवून तिची लग्नाची गाणी तुम्ही वहीत उतरवलीत, ती म्हणेल तश्शी. तुमच्या पुढच्या सुट्टीआधी दादी गेली.

आणि मी दीडशहाणी! शाळेत शुद्धलेखनात पहिली. तुम्ही येणार म्हणून दादीचे सगळे शब्द पुस्तकी मराठीत सुधारून, घोटीव अक्षरात नवी वही केली, वर कव्हर घातलं. जुनी वही न्हाणीच्या चुलीत टाकली आणि त्यावर तापलेल्या पाण्यानं आंघोळही केली. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून पानं उलटताय. चहा निवतोय. मी शाबासकीची वाट बघतेय. “हे काय केलंस गो? चुका नव्हत्या त्या. साक्ष होती.” मग हळूच विचारलंत, “जुनी आहे ना?” मी म्हटलं, “ट्रंकेत आहे.” तुमचा जीव भांड्यात पडला. खफजीहून आलेल्या शेवटच्या पत्रातही तुम्ही लिहिलंत, ट्रंकेला वाळवी लागू देऊ नको.

परवा जुम्म्याला ती शुद्ध प्रत काढून मी तुमच्या नातीला वाचून दाखवली. तिला मराठी धड येत नाही, माझ्याशी हिंदीत बोलते. दोन गाणी ऐकली आणि म्हणाली, “मम्मी, राइम टूट रहा है. आपकी दादी ने ऐसे नहीं गाया होगा.” मी तोडलेले शेवट मीच जोडायला बसले. दुपारभर पुटपुटले. दादीचा एकही शब्द ओठावर आला नाही. मला रडूच कोसळलं. लेक घाबरली, पाणी घेऊन आली. “ओरिजिनल किधर है, मम्मी?”

“गावाला. ट्रंकेत,” मी म्हटलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? वहीतच घडी करून ठेवते. अब्बा, ट्रंकेत काही नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही नव्हतं.