लातूरला बसवलेली दाढ

सोमेश,

सकाळच्या एसटीनं लातूरला चालले. दर खेपेला सांगते तसं तुझ्या मावशीकडं न्हाई, दातांच्या डॉक्टरीणबाईकडं. भाजी ओट्यावर झाकून ठेवली हाय, भाकरी टोपल्यात हायेत. फोन करू नको, मी उचलणार न्हाई.

उन्हाळ्यात माझी दाढ दुखायली होती तवा तू मोबाईलमधून मान वर न करता म्हणलास, "तुझ्या वयात, त्यात मिश्री लावणाऱ्याच्या हाडात इम्प्लांट धरत न्हाई. दाढ काढून टाकू, फुडं कवळीचं बघू." मिश्री मी त्याच्या आधीच्या श्रावणातच सोडली होती. तू दातांचा डॉक्टर, एका घरात राहतोस, तरी तुला कळलं न्हाई.

त्या बाईनं हाडाचा फोटो काढून नीट बघितला. दाढ उपटली आन् त्याच बैठकीत त्याच जागी इम्प्लांटचा स्क्रू बसवला. तवापासून मी मऊ भात खाऊन राहिले, तुला वाटलं उपास चाललेत. आता स्क्रू हाडानं गच्च धरलाय, बाईनं ठोकून बघितलं. आज त्याच्यावर दात चढवणार हाय. उद्या आल्यावर तुझ्यासमोर बसून कडक भाकरी खाईन, तवा तरी बघ.

पहिल्या दिवशी बाईनं विचारलं होतं, "आजी, ह्याच्या आधी कुण्या डॉक्टरला तोंड दाखवलं होतं का?"

मी म्हणलं, कुणालाच न्हाई.

खोटं बोलले न्हाई मी.

आई