ओळीतले खिळे

ता. २ जून

तीर्थरूप मामंजींच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

वन्संचं पत्र आलं. तुम्ही दिवसभर खिडकीत बसून समोरच्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालता, कारण तो स्क्रू वाकडे पिळतो, असं त्या लिहितात. वाचून बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठिकाणावर आहे. गुडघे आणि जिना यांचंही जमेल हळूहळू.

मुद्द्याचं लिहिते. मी मासेमारीसाठी एक नाव विकत घ्यायचं ठरवलं आहे. हे गेल्यापासून भाऊजी दुसऱ्याच्या बोटीवर राबतात, आठ-आठ दिवस घरी येत नाहीत, आणि आले की जेवताना डोळे मिटतात. तुमचा एक मुलगा पाण्याने नेला, दुसरा मालकाने नेला असं व्हायला नको. भरपाईचे पैसे आहेत, माझ्या बांगड्या आहेत. त्यात नवी नाव स्वप्नातसुद्धा येणार नाही. जुनी येईल, पण जुन्यातली चांगली कुठली, हे मला कोण सांगणार? भाऊजींना जाळं कळतं, लाकूड कळत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर विचारते.

एक निळी नाव पाहून ठेवली आहे. रंग असा, की तोंड दिसावं. मालक वाक्यागणिक ताई म्हणतो. भाऊजींनी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं आहे.

औषध वेळेवर घ्या. वन्संना नमस्कार. मुलीसारखी माया ठेवली आहेत, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची सून

ता. ९ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

वर एक अक्षर खोडलं आहे. हाताला ‘सौ.’ची सवय, लिहून झाल्यावर डोळ्यांना कळलं. राग मानू नको.

खरं म्हणजे घेऊच नको, असं लिहायला बसलो होतो. मग वाटलं, धाकटा काय फक्त आपल्याच नावेतून पाण्यात जातो? समुद्र मालकी विचारत नाही. तेव्हा जायचंच असेल तर धड लाकडावरून जाऊ दे.

विकायच्या आधी रंगवलेली नाव म्हणजे पावडर लावलेला आजारी माणूस. बरोबर दाभण ने. तळाच्या कण्याला फळ्या मिळतात त्या सांध्यात टोचून पाहा. पावात घुसावं तसं घुसलं, तर साखर खाऊन परत ये. मग लाकडी हातोडीने एकेक फळी ठोक. चांगली फळी उत्तर देते, कुजलेली ओल्या पोत्यासारखी धप्प बोलते. तुझे कान माझ्यापेक्षा शाबूत आहेत, आता तेच वापरायचे. इंजिनावर आधी हात ठेव. गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी लबाडाने चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं ते बघायचं.

आणि नाव सुंदर आहे म्हणून घेऊ नको. सासूबाई तुझी सुंदर होती, तिने मला जन्मभर नाचवलं.

तुझ्या काळजीत असणारा,
मामंजी

ता. १८ जून

तीर्थरूप मामंजींना साष्टांग नमस्कार.

निळ्या नावेत दाभण मुठीपर्यंत गेलं. साखरतोंड्या म्हणाला, ताई, रंग अजून ओला आहे. भाऊजी इतके हसले, की दोन वर्षांत तसं हसू मी ऐकलं नव्हतं.

दुसरी नाव दोन भावांची. डांबर फासलेली, रुंद, बसक्या म्हशीसारखी, आणि वास विचारू नका. पण प्रत्येक फळी बोलली. इंजिन थंड होतं, खोकत खोकत उठलं आणि मग थांबेना. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने भाव मला सांगायचा, मी तो दुसऱ्याला सांगायचा, आणि तो शेजारीच उभा. म्हणून तर विकताहेत.

पण मामंजी, तिसरी नाव मिळाली आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला राहणारे ते मुके बाबा, मुके नाहीत पण बोलत नाहीत, त्यांची. हे लग्नाआधी त्यांच्याकडेच कामाला होते. बारीक, हलकी, पाण्यात सुरीसारखी. उजव्या अंगाला एक नवी फळी आहे. बाबांनी नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाले, ती तुझ्या नवऱ्याने बसवली, पैसे घेतले नाहीत.

मी हात ठेवला. खिळे एका ओळीत, शिंप्याच्या मशीनने टीप मारावी तसे. यांची सगळी कामं अशीच असत, माझ्या फडताळाचे खिळेसुद्धा. भाऊजी पलीकडे जाऊन उगाच दोर गुंडाळत बसले.

बाकीच्या फळ्या ठोकल्या, चांगल्या आहेत. ती एक नाही ठोकली. हातोडी उचलवेना. भावही आपल्या ताकदीतला आहे. मी तोंडी हो म्हटलं आहे, बयाणा येत्या आठवड्यात देईन. घरातून गेलेलं काहीतरी घरात परत येतंय असं वाटतं. आशीर्वाद द्या.

तुमची सून

ता. २३ जून

चि. सूनबाई, आशीर्वाद.

बयाणा देऊ नको. दिला असशील तर बुडू दे, बयाणाच बुडू दे.

हे पत्र बसून वाच. लाकडाची रेघ एका दिशेने जाते. एकाच रेघेवर सगळे खिळे बसले, की भोकाभोकांवर कागद फाटतो तशी फळी फाटते. खिळे मारायचे ते नागमोडी, एक वर, एक खाली. दिसायला ओबडधोबड, पण टिकतं. तो एवढासा होता तेव्हापासून सांगत आलो. त्याला सरळ ओळ आवडायची. म्हणायचा, बाबा, तुमचं काम उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं.

आपली नाव गेल्यावर जी फळी किनाऱ्याला लागली ती मी चुलीत घातली, आठवतं? तू ठेवून घेऊ या म्हणालीस, मी कुजली आहे म्हणालो. कुजली नव्हती. खिळ्यांच्या ओळीवर उभी फाटली होती. मी पहिल्या गुडघ्याच्या ऑपरेशनला इथे आलो होतो, तेव्हा त्याने घाईने बसवलेली फळी ती. वादळ एवढं मोठं नव्हतं ग. मी समुद्रावर आळ घेतला. समुद्र काय नाही म्हणणार होता?

बापाने गेलेल्या मुलाच्या कामाला नावं ठेवावीत, यासाठी जगलो म्हणायचं. पण त्या नावेत आता धाकटा बसणार आहे.

म्हैस घे.

मामंजी

ता. ६ जुलै

तीर्थरूप मामंजींना सा. न.

उत्तराला उशीर झाला. आधी तुमच्यावर रागावले, फळी जाळलीत म्हणून. मग यांच्यावर. मेलेल्या माणसावर रागावणं फार दमवतं, तो मध्ये एकदाही समजूत घालत नाही. फडताळासमोर बसायचे आणि ती ओळ दिसायची.

मग उठले आणि म्हैस घेतली. दोघा भावांनी पैसे वेगवेगळे मोजले, दोघांचे सारखेच भरले, तरी दोघांनाही संशय.

पण एवढ्यावर भागेना. मुक्या बाबांची नाव पाहायला एक जोडपं आलं होतं, नवीन संसार असावा. ती मुलगी त्या फळीवरूनच हात फिरवत होती, केवढी सुबक आहे म्हणत होती. इथे सगळे अजून म्हणतात, की यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मलाही तेवढंच ऐकायला उरलं होतं. मी गेले आणि सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं, की माझ्या नवऱ्याने बसवलेली फळी चुकीची आहे, ती काढल्याशिवाय नाव विकू नका. का, तेही सांगितलं. आपल्या नावेचंही सांगितलं. भाऊजी शेजारीच होते. त्यांनाही तिथेच कळलं.

बाबांनी पहार आणून फळी सोडवली. पहिल्या खिळ्यापासून चौथ्यापर्यंत केसाएवढी चीर गेलेली. बाबांनी ती मला दिली आणि म्हणाले, मनाचा चांगला होता. ते जोडपं खाली बघत उभं होतं. भाऊजी पाण्याशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

फळी भाऊजींबरोबर पाठवते आहे. ही जाळू नका.

आणि पत्रावरचं ते अक्षर सवयीने पडलं तर पडू द्या, खोडत जाऊ नका.

तुमचीच,
सून

ता. १५ जुलै

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

धाकटा फळी खांद्यावर घेऊन जिना चढला. जेवला, झोपला, सकाळी गेला. त्याला बजाव, की पावसाळा सरून नाव पाण्यात लोटली, तरी पहिले काही दिवस किनारा डोळ्यांआड होऊ द्यायचा नाही.

गॅरेजवाल्याकडून हातोडी आणि पक्कड मागून घेतली. माणूस वाईट नाही. फळी खिडकीत टेकवली, एकेक खिळा उपसला, सरळ केला आणि पुन्हा ठोकला. एक वर, एक खाली. हात थरथरतो, त्यामुळे नागमोडी आपोआप होते. तुझी वन्सं म्हणते, शेजारी भांडायला येतील. येऊ देत, मला कुठे ऐकू येतंय.

आता फळी उंदराने कुरतडल्यासारखी दिसते.

शेवटचा खिळा मात्र काढला नाही. तो त्याने मारला तिथेच आहे.

माया आहे तशीच राहू दे, पोरी.

मामंजी