तुझ्या गोष्टीतला बाप

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मासळीचा वास आला की मी अजून तुझ्या चुलीपुढे जाऊन बसते. पन्नास सालानंतरचे ते दिवस. वैनगंगेकाठचं आपलं गाव, मागे जंगल, आणि तू झिंगे निवडत बसलेली. मी जन्माआधीच बाप गमावलेली पोर. रोज विचारायची, बाबा कसा होता? तुझ्या गोष्टीत कधी तो भर पुरात नदी पोहून जायचा, कधी नुसता खाकरून वाघाला पळवायचा. तू सांगायचीस आणि मला तो दिसायचा.

एकदा तू म्हणालीस, त्याला पाण्याची भीती वाटायची. मी लगेच तुला शब्दात पकडलं. "काल तर पुरात पोहून गेला म्हणे!"

तुझे हात थांबले. "तुले बाप पाहिजे का हिशोब पाहिजे?" केवढ्यानं ओरडलीस! मी रडायला लागले तशी जवळ ओढलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, "लग्न झालं अन् सालभरात तापानं गेला तो. माह्यापाशीच लय थोडा होता, पोरी. तुले पुरला पाहिजे म्हणून वरणात पाणी टाकावं तसा वाढवत गेली."

"मंग खरं काय?"

"भीती खरी. पाण्याले भ्यायचा, तरी रोज डोंगा घेऊन नदीत जायचा."

तो डोंगा, एका खोडाची ती होडी, अंगणात पालथा पडलेला असे. एका उन्हाळ्यात काका कुऱ्हाड घेऊन आला. "सडून राह्यला, वहिनी. जाळाले तरी होईल." तू उठलीस, सूप घेतलंस आणि डोंग्यावर मांडी घालून तांदूळ निवडायला बसलीस.

"काऊन बसली इथी?"

"सावली हाये."

सावली कुठली, डोक्यावर वैशाखाचं ऊन होतं. काका कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढे मी कथा लिहू लागले. एका कथेतली बाई अशीच उन्हात पालथ्या डोंग्यावर बसते. नागपूरच्या एका कार्यक्रमात कुणी विचारलं, तो डोंगा कशाचं प्रतीक? मी विरह, मृत्यू असं काहीबाही बोलले. बसमधून परत येताना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. तू त्या लाकडाला एकदाही बाबाचं नाव दिलं नाहीस, नुसती वर जाऊन बसलीस. मला आजवर त्याहून चांगलं लिहिता आलेलं नाही. बापाबद्दल मी कितीदा लिहिलं. एकदा तुझ्या तोंडून, एकदा त्याच्या, एकदा नदीच्या. सांगणारं बदललं की तो निराळ्या वाटेनं घरी येतो. तुझी स्वतःची अशी कथा मात्र मी एकही लिहिली नाही. तुला मी पाहिलं होतं ना, म्हणून हात धजत नाही.

परवा नातीनं विचारलं, "आजी, तुझी आई कशी होती?" मी सांगत गेले. सांगता सांगता म्हणाले, धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती गायची, बांधीत रोपं लावणाऱ्या बाया हातातलं काम सोडून ऐकत राहायच्या. पोर डोळे मिटून ऐकत होती.

तुला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी हे लिहिलेलं मी तुझ्या हाती दिलं नसतं. तू कधी गायलेली मला आठवत नाही, माय. पण त्या दिवसापासून मला तुझा गाण्यातला आवाज ऐकू येतो.