एकशे पंचवीस शिवणींची गोधडी

३ ऑक्टोबर, रविवार
बाबा दादाकडे राहायला जाणार, हे आज नक्की झालं. निर्णय भावनेच्या भरात नको म्हणून मी तक्ता केला होता. दवाखान्याचं अंतर, जिने, ऊन, खोल्या, दिवसा घरात माणूस. प्रत्येकाला गुण. दादाचं घर ८१, माझं ६४. बाबांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला. जन्मभर ग्रंथपाल होते, कागदाचा मान ठेवतात. म्हणाले, आकडेच बोलायला लागल्यावर आपण काय बोलणार! म्हणजे पटलं.

एकच अट घातली. आईचे आणि घरातले जुने कपडे कपाटात पडून आहेत, त्यांची साधी गोधडी करून दे. दादाकडे थंडी फार, माझे पाय गार पडतात. गोधडी झाली की तिकीट काढू.

अट वाजवी आहे. मी आजवर बटणसुद्धा लावलेलं नाही, पण मोजमापाच्या लॅबमध्ये नोकरी करते. दुसऱ्यांची मापं कुठे चुकली ते शोधणं हाच माझा धंदा. चौकोन कापायचे, चौकोन जोडायचे. १७ तारखेपर्यंत पूर्ण.

त्यांची खोली रिकामी झाली की तिथे कामाचं टेबल ठेवता येईल. १२० बाय ६०.

५ ऑक्टोबर
पंधरा सेंटिमीटरचे ९६ चौकोन. आठ आडवे, बारा उभे, म्हणजे १२० बाय १८०. बाबांची उंची १६८. पायांसाठी बारा शिल्लक. स्टीलच्या पट्टीने कापले, चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

कापड: आईचे घरात घालायचे गाऊन (३), जुना पडदा, दादाची शाळेची पँट, माझा पहिला लॅबकोट, अभ्रे.

निळ्या गाऊनचा खिसा सोडवायला वीस मिनिटं लागली. आत एक सुटं बटण होतं. ठेवून दिलं. कारण: बटण कधीही लागतं.

८ ऑक्टोबर
आईच्या मशीनवर पहिली ओळ शिवली. लांबी १२० यायला हवी, आली १०६. तीनदा मोजली. पट्टी बदलून मोजली.

खालच्या मजल्यावर कपडे दुरुस्त करणाऱ्या मावशी राहतात. त्यांच्याकडे ओळ घेऊन गेले. त्या हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. म्हणाल्या, पोरी, शिवणीसाठी माया सोडलीच नाहीस की! दोन्हीकडून बोटभर कापड शिवणीत जातं, ते आधी धरायचं असतं. म्हटलं, हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणाल्या, लिहायचं कशाला, कापड सांगतं.

कापडाने मला काहीही सांगितलेलं नव्हतं.

या हिशेबाने गोधडीची लांबी १५८ भरली असती आणि बाबांचे पाय बाहेर. नवा आराखडा: नऊ आडवे, चौदा उभे. चौकोन १२६, शिवणी १२५. आणखी तीस चौकोन हवेत. बाबांना सांगितलं, एक आठवडा जास्त लागेल. अरेरे, म्हणाले, आणि लगेच आत जाऊन स्वतःचे सहा शर्ट घेऊन आले. दोन तर वापरातले होते. असू दे, असू दे, घाईचं काम नको, म्हणाले. चहा करताना शीळ घालत होते.

जाण्याची कल्पना त्यांनी फार छान स्वीकारली आहे. नवी तारीख: २४.

१३ ऑक्टोबर
शिवणी ६०. लॅबमधून येऊन पाहते तर दोन उसवलेल्या. धागा सगळाच्या सगळा निघालेला. बाबा म्हणाले, हल्लीच्या दोऱ्यात दम कुठे राहिलाय! मुद्दा योग्य वाटला. नोंदवही सुरू केली: तारीख, उसवलेल्या शिवणी, रंग.

१४ ऑक्टोबर
शिवलेल्या नऊ, उसवलेल्या तीन. धागे कापायची आईची छोटी कात्री जागेवर नाही. बाबांना विचारलं. असेल कुठेतरी, म्हणाले, वर्तमानपत्रातून मान वर न करता.

१५ ऑक्टोबर
दोऱ्याचे दहा तुकडे लॅबमध्ये नेले, जेवणाच्या सुट्टीत मशीनवर तुटेपर्यंत ओढले. साहेबांनी विचारलं, कुठल्या गिऱ्हाइकाचं काम? म्हटलं, अंतर्गत.

रिपोर्ट: दोरा उत्तम.
निष्कर्ष: तपासलेला दोरा उत्तम आहे, म्हणजे दोष न तपासलेल्या दोऱ्यात आहे.
घरी आल्यावर उसवलेल्या: चार.

१७ ऑक्टोबर, रविवार
दिवसभर घरी. उसवलेल्या: शून्य.
निष्कर्ष: हवामान. रविवारी हवा कोरडी असावी. उद्यापासून खोलीत आर्द्रतामापक.

१९ ऑक्टोबर
आर्द्रता रविवारइतकीच, उसवलेल्या पाच. आलेखात काही संबंध दिसत नाही. आलेख बदलावा लागेल.

दोऱ्याच्या दुकानात तीन पानी तक्रार दिली. दुकानदाराने अर्धं पान वाचलं, दोन नवी रिळं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, ताई, मागची माणसं खोळंबलीत.

आज उसवलेली एक ओळ मावशींना दाखवली. त्यांनी धाग्याचं टोक उजेडात धरलं. म्हणाल्या, हा तुटलेला नाही, कापलेला आहे. म्हटलं, उंदीर? त्यांनी धागा माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाल्या, तू बाबांना राहा म्हणालीस का गं कधी? मी तक्त्याचं सांगितलं. म्हणाल्या, एक रकाना कमी आहे तुझ्या तक्त्यात. कोणता, विचारलं तर, शोध की, एवढी शिकलीस ती कशाला?

विषयांतर. पण कापल्याच्या शक्यतेची नोंद घेतली आहे. पिंजरा लावला.

२० ऑक्टोबर
पिंजरा रिकामा. उसवलेल्या: तीन. उंदीर हुशार आहे.

बाबा पिंजऱ्याजवळ उभे राहून म्हणाले, एवढं काही नुकसान करत नाहीये बिचारा. त्यांचं मन फार मऊ आहे. दादाकडे त्यांची काळजी नीट घेतली जाईल ना, हा प्रश्न मनात आला. तक्ता पाहिला. घेतली जाईल.

२२ ऑक्टोबर
शिवणी ७१. मागच्या शुक्रवारी ६८ होत्या. एका आठवड्यात निव्वळ प्रगती तीन.

दादाचा फोन. म्हणाला, काय गं, गोधडी शिवतेस की विमान बांधतेस? वहिनी मागून म्हणाली, राहू दे ना, आमच्याकडे पांघरुणं थोडी आहेत का! हे मला लागलं. काम हातात घेतलं की पूर्ण करायचं, अशी माझी ख्याती आहे.

ठराव: सोमवारपासून पाच दिवस रजा. वर्षाची तेवढीच उरली आहे, तिचा याहून चांगला उपयोग नाही.

२५ ऑक्टोबर
रजेचा पहिला दिवस. दुपारपर्यंत उसवलेल्या शून्य. बाबा मात्र अस्वस्थ. आधी म्हणाले, बल्ब आण. बल्ब घरात होता. मग बिस्किटं आण. तीही होती. शेवटी म्हणाले, तुझा चेहरा अगदी उतरलाय, जरा मोकळ्या हवेत फिरून ये. त्यांच्या समाधानासाठी पंचवीस मिनिटं फिरून आले.

परत येते तर दोन उसवलेल्या.

महत्त्वाचा शोध: शिवणी फक्त मी घराबाहेर असताना उसवतात. म्हणजे मी दार उघडते तेव्हा वाऱ्याचा झोत येतो, त्याने.

२६ ऑक्टोबर
वारा, दमटपणा, उंदीर, सगळ्यांवर एकच उपाय: नायलॉनचा दोरा, दुहेरी शिवण, दोन्ही टोकांना गाठ. मावशींनी शिकवलं, पण मनापासून नाही. दोनदा म्हणाल्या, बघ हं, ही सुरीनेही निघायची नाही, विचार कर. म्हटलं, तोच तर उद्देश आहे.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी एक चौकोन दोन्ही हातांनी ओढून पाहिला. म्हटलं, आता काही झालं तरी उसवणार नाही. छान, म्हणाले. चहा अर्धाच प्यायले. साखर कमी पडली असावी.

२९ ऑक्टोबर
पूर्ण. अस्तरासह. ११७ बाय १८२, कागदावर होती तेवढीच. शिवणी १२५, उसवलेल्या शून्य. शाळा सोडल्यापासून हाताने केलेली ही माझी पहिली वस्तू, आणि रजा संपायच्या आत झाली.

बाबांनी गुडघ्यांवर घेतली. आईच्या निळ्या चौकोनावरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, आणखी आठवडाभर लागला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. म्हटलं, बाबा, शब्द म्हणजे शब्द.

दादाने परवाचं तिकीट काढलं.

३१ ऑक्टोबर, रविवार
बाबा गेले. प्रवास दीड दिवसाचा.

टॅक्सीत बसण्याआधी मी यादी वाचून दाखवली: औषधं, चष्मा, पाणी, गोधडी, दादाचा नंबर. ते दाराला हात लावून उभे राहिले. आणखी काही? असं विचारलं. मी यादी पुन्हा पाहिली. नाही, सगळं झालं, म्हटलं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा बसले.

घर शांत आहे. कामाला उत्तम.

१ नोव्हेंबर
दोन कप चहा केला. नजरचूक.

३ नोव्हेंबर
टेबलासाठी बाबांच्या खोलीत माप घ्यायला गेले. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये १३१. टेबल बसतं. कपाटाचा खण नीट लागत नव्हता, म्हणून उघडला. मागे जुन्या चष्म्याचं घर अडकलं होतं.

आत आईची छोटी कात्री.

आणि एक जाड कार्ड, पुस्तकांच्या नोंदीचं असतं तसं. त्यावर धागे गुंडाळलेले, रंगवार. प्रत्येक रंगाशेजारी बारीक अक्षरात तारीख आणि आकडा. १३ ऑक्टोबर: २. १४: ३. १५: ४. १७ची नोंद नाही. माझ्या नोंदवहीशी ताडून पाहिलं. शेवटपर्यंत जुळतं. इतक्या दिवसांत एकही चूक नाही.

त्याखाली:
२६: जमलं नाही.
२७: जमलं नाही.
२८: जमलं नाही. हात चांगला आहे पोरीचा.

करायच्या गोष्टी: दोऱ्याच्या दुकानदाराला माफीचं पत्र. पिंजरा काढणे. टेबल: पुढे ढकलले.

तक्ता काढून पुन्हा पाहिला. मावशी म्हणाल्या तो रकाना कोणता ते कळलं. त्याला गुण किती द्यायचे, हे ठरवता येत नाही. एकक सापडत नाही.

५ नोव्हेंबर
बाबांना फोन केला. काय बोलायचं ते चार मुद्द्यांत लिहून घेतलं होतं. पहिला मुद्दा: परत या. बाकीचे तीन त्याच्या समर्थनार्थ.

त्यांनी उचलला. मी विचारलं, गोधडी कशी आहे?

म्हणाले, पक्की आहे गं. एक टाकासुद्धा सुटत नाही.

मग तेच म्हणाले, कात्री तिकडेच राहिली बहुतेक. म्हटलं, हो, सापडली. कार्ड? तेही. शेवटी बाबांनी विचारलं, जेवलीस का? म्हटलं, हो. जेवले नव्हते.

कागदावरच्या चारही मुद्द्यांपुढे खूण करायची राहिली.

ठराव: कात्री त्यांना नेऊन देणे. पोस्टाने नको, धारदार वस्तू आहे. स्वतः जाऊनच द्यावी लागेल. तिथे बसून ते उसवतील तेवढं उसवू देणे. मग गोधडी दुरुस्तीसाठी इकडे आणावी लागेल, आणि दुरुस्ती आवडीप्रमाणे व्हावी म्हणून त्यांनाही. जायला दीड दिवस, यायला दीड, तिथे दोन. एकूण पाच दिवस.

शिल्लक रजा: शून्य. सगळी रजा गोधडी वेळेत संपवण्यात गेली.